गेज

रात्री पावणेदोन. खराडी, अकरावा मजला.
पाइपलाइन चौथ्या पायरीवर लाल होऊन थांबलेली.
कुणीतरी कोडमध्येच ठेवलाय डेटाबेसचा पासवर्ड,
पायपुसण्याखाली किल्ली ठेवून गावाला जावं तसा.

कुणीतरी म्हणजे मी.
मंगळवारी, घाईत, ‘नंतर काढू’ म्हणत.

पूर्वी आम्ही लिहायचो आणि भिंतीपलीकडे टाकायचो.
फैयाज झेलायचा, रात्र रात्र.
सुरक्षावाले उगवायचे रिलीजच्या आदल्या संध्याकाळी,
अक्षता पडताना पत्रिका मागणाऱ्या आत्यासारखे.
आता फैयाज शेजारी बसतो.
काही बोलत नाही, खाऱ्या दाण्यांची पुडी सरकवतो.

बाबा भोसरीला लेथवर होते.
खिशात कायम एक गेज, दोन टोकांचं:
एक टोक गेलंच पाहिजे,
दुसरं जाता कामा नये.
दर दहाव्या नगाला लावायचे, नग निवला की लगेच.
‘शेवटी तपासलं की नुसतं भंगार मोजायचं राहतं.’
मला वाटायचं,
ह्यांचा स्वतःच्या हातावर भरवसा नाही.

ओळ पुसून भागत नाही.
कोड विसरत नाही, जुन्या नोंदींत सगळं तसंच असतं.
कुलूपच बदलावं लागतं.
बदललं. पासवर्ड तिजोरीत गेला, कोडमध्ये उरलं फक्त तिजोरीचं नाव.

तीन दहाला हिरवं.
‘ही तपासणी बसवली कुणी पण?’
फैयाज दाण्याची सालं फुंकत विचारतो.

मीच.
मागच्या महिन्यात.
बाकीच्यांसाठी.