खापर

रोममध्ये एक टेकडी आहे, तिच्यात दगड नाही.
नुसती खापरं.
तेलाचे बुधले जहाजातून यायचे,
रिकामे झाले की आतून खवट वास सुटायचा,
मग ते फोडून, रचून, वर चुन्याची फक्की मारून
हमाल घरी जायचे. शेकडो वर्षं हेच.
आता वर गवत आहे. चालताना पायाखाली
फडताळात कपबशा हलल्यासारखं वाजतं.

एर्सिलिया इथली खापरं धुते.
मऊ ब्रशनं, कारण एखाद्या काठावर शाई असते:
वजन, कुणा व्यापाऱ्याचं अर्धं नाव.
जुन्या लॅटिनमध्ये खापराला म्हणत टेस्टा.
मडक्यालाही, विटेलाही, शिंपल्याच्या पाठीलाही.
डोक्याला नव्हे. डोक्याला कापुट होता,
चांगल्या घरातला शब्द.

पण कुणीतरी, छावणीत की गुत्त्यात ठाऊक नाही,
शेजाऱ्याच्या टकलाकडे बघून म्हणालं असेल, हे मडकं!
हसू ओसरलं. शब्द उतरलाच नाही.
फ्रेंचांनी तो इतका चघळला की मधला स गळाला,
आता त्या जागी स्वराच्या डोक्यावर
एक छोटंसं छप्पर. तेत.
पोर्तुगालमध्ये तो घसरून कपाळावर थांबला,
आया ताप बघतात, तिथं.

कासिल्दा एसिहाची, ज्या मुलुखातून बुधले निघायचे तिथली.
सुट्टीत खापरं मोजायला आलीय.
"तिएस्तो म्हणजे आमच्याकडं कुंडी," ती सांगते,
"आजोबांच्या गॅलरीत चाळीस आहेत, सगळ्यांत जिरॅनियम."
आणि डोकं?
"डोकं वेगळं. डोक्यात आम्ही काही लावत नाही."

फेब्रुवारीत एर्सिलियाचे वडील जिन्यावरून पडले.
नाझारेनो, जुन्या कत्तलखान्यात वासरांच्या मुंड्या सोलणारे,
गल्लीभर ऐकू जाईल असं बोलणारे.
टाके पडले सतरा. शब्द उरला एक.
पाणी हवं, टेस्टा.
खिडकी लावा, टेस्टा.
मुलगी आली की तिच्याकडे बघून,
जरा थांबून, टेस्टा.
डॉक्टर एकामागून एक टेस्ट करत राहिले,
(तीही त्याच कुळातली: सोनं पारखायची मातीची मूस)
आणि मूस दर वेळी रिकामीच निघाली.

कुणावर खापर फोडायचं?
जिन्यावर, त्यांच्या सैल चपलांवर,
दिवा पुढच्या महिन्यात लावतो म्हणणाऱ्या घरमालकावर?
दिवसभर फुटकंच हाताळणारीला
आणखी काही फोडायचा कंटाळा आला.

रात्रीला झाम्फिरा असते, ओल्तेनियाची.
पट्टी बदलताना ती पुटपुटते, त्स्यास्ता, त्स्यास्ता,
म्हणजे कवटी,
आणि नाझारेनो मान हलवतात,
बऱ्याच दिवसांनी कुणीतरी
त्यांच्या भाषेत बोलल्यासारखी.
तिच्या गावी त्सेस्त असतं, मातीचं पालथं झाकण,
निखाऱ्यावर तापवून भाकरीवर उपडं घालायचं.
बायकाच घडवतात, माती पायांनी तुडवून.
रोममध्ये कुठलं मिळायला?

एका रविवारी तिनं गॅलरीतली कुंडी घेतली,
मेलेलं जिरॅनियम उपटलं,
तीनदा घासली, ओव्हनमध्ये तापवली,
आणि कणकेच्या गोळ्यावर पालथी घातली.
तळाच्या भोकातून वाफ यायला लागली.

लॅटिन, या सगळ्यांची खापरपणजी,
त्या वेळी स्वयंपाकघरात असती
तर तिनं कुठल्या पोराला कुठल्या नावानं हाक मारली असती,
देव जाणे.

झाम्फिरानं फडक्यात धरून कुंडी उचलली.
नाझारेनोंनी आधी तिच्याकडे बोट केलं,
मग तेच बोट हळूच टाक्यांवर टेकवलं,
आणि म्हणाले, टेस्टा.
हसले.
दोन्हीकडे शब्द नेमका बसला होता.

एर्सिलियानं पहिला तुकडा मोडला.
खालून थोडा करपला होता,
मातीचा वास येत होता,
आणि तिच्या नखांत सकाळचीच माती
अजून होती.