अ आणि द

शिवडीच्या पालिका शाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
साडेसातनंतर चौथीच्या बाकांवर
मोठी माणसं बसतात,
गुडघे फळीला आपटत.

पहिला महिना माय नेम इज, आय लिव्ह इन.
कुणाचा आवाज बाकाच्या पुढे सरकला नाही.
क्षयरोगाच्या इस्पितळातल्या कलावती सोनकांबळे
तोंडाला पदर लावून बोलायच्या,
जणू इंग्रजीही खोकल्यातून पसरते.

मग मी कावळा आणला.
खडूचा, जरासा कोंबडीसारखा,
चोचीत चीजचा तुकडा.
'चीज कशाला?' शेवंता मयेकर म्हणाली,
'ह्या बंदरावर चीज कोण टाकतं? बोंबील द्या त्याला.'
दिला.
इंग्रजीत ह्याला बॉम्बे डक म्हणतात, सांगितलं,
तर ती उठूनच उभी राहिली:
'डक म्हंजे बदक ना?
मासा ओळखता येत नाय, नि आमच्या चुका काढतात!'
वर्ग पहिल्यांदा हसला.

तेव्हापासून जनावरंच बोलू लागली.
चुकला तर कोल्हा चुकला,
अन्वर दळवींच्या बापाचं काय जातं?
अठरा वर्षं लिफ्टमध्ये 'कितवा?' एवढंच विचारणारा माणूस
सिंह झाला आणि गरजला,
'आय ईट यू यस्टरडे!'
उंदीर झालेले तांडेलकाका, वय सदुसष्ट,
हात जोडून म्हणाले, 'सर, टुमॉरो प्लीज.'
मी दुरुस्त केलं नाही.
काळाची इतकी सोयीची अदलाबदल
व्याकरणाला कधी जमली नव्हती.

तांडेलकाकांची एक तक्रार मात्र कायम:
खाडीत एवढे फ्लेमिंगो येतात दरवर्षी,
त्यांची गोष्ट का नाही?
मी म्हटलं, ते कुणाला फसवत नाहीत, म्हणून असेल.

गाडी अडली ती अ आणि द पाशी.
आपल्यात कावळा म्हणजे कावळा,
त्याला पुढे शेपूट लावावं लागत नाही.
फळ्यावर लिहिलं:
पहिल्यांदा आला की अ क्रो, कुठलातरी एक.
पुढच्या ओळीत तोच, द क्रो,
आता आपल्या ओळखीचा.

'एका ओळीत ओळख होते?' कलावतीबाईंनी विचारलं.
गोष्टीत होते, म्हटलं.
पदर तोंडावरून खाली आला होता.
'आमच्या वॉर्डात डॉक्टर ओरडतात,
अरे, कुणीतरी मावशी पाठवा.
बावीस वर्षं झाली, सर.
मी अजून अ च.'

शेवंतानं पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.

घरचा अभ्यास दिला: रस्त्यात दिसेल त्या प्राण्यावर
पाच ओळी आणि खाली तात्पर्य.
अन्वरनी भटका कुत्रा लिहिला, तो मॅनेजरच निघाला.
कलावतीबाईंची वही:

अ कॅट कम इन वॉर्ड.
द कॅट सिट नियर बेड नाइन.
बेड नाइन हॅव नो व्हिजिटर.
नर्स से गो. द कॅट नो गो.

लाल पेनानं मी केम केलं, सॅट केलं.
सगळे भूतकाळ चुकलेले,
मांजरीपाशी द मात्र दर वेळी जागच्या जागी.
खाली 'मॉरल' लिहून पट्टीनं रेघ मारलेली,
पुढे कोरं.

हे राहिलं का, विचारलं.
त्यांनी माझ्या लाल अक्षरांकडे पाहिलं,
केम, सॅट,
आणि म्हणाल्या,
'पण ती अजून तिथंच बसलीय, सर.'

मी पेनाचं टोपण शोधू लागलो.