दोन पावतीपुस्तकं

माझ्या टेबलाच्या वरच्या खणात पालिकेचं पावतीपुस्तक,
खालच्या खणात संघटनेचं.
पहिलं पिवळं, घरपट्टी-पाणीपट्टीचं, शिक्क्यासकट.
दुसरं गुलाबी, महिना पन्नास रुपये, एकजुटीचा विजय असो.
दोन्हींत अक्षर माझंच.
कार्बन एकुलता एक, तो मी
ह्यातून त्यात हलवत राहतो.

मार्चअखेर. पारोळ्यात कूलर आत्ताच
गरम वारा फेकायला लागलाय.
केवळबाई चौधरी नोटा मोजते,
एक हजार आठशे साठ,
शेवटच्या सहा नोटा दहा-दहाच्या,
त्यांना बिबड्यांच्या पिठाचा वास.
मोजता मोजता म्हणते,
"तुम्हना संप उना का पहिले आम्हना नळ सुकस.
मंग पगार वाढस, मंग पट्टी वाढस.
नळ तठेच शे, भाऊ."
मी शिक्का मारतो.
शिक्का मारताना बोलावं लागत नाही.

गेल्या वर्षी एकवीस दिवस बसलो होतो गेटसमोर
ताडपत्रीखाली.
वेतनाचा फरक ही मागणी क्रमांक एक.
गटारीत, चेंबरात उतरणाऱ्यांना हातमोजे,
ही चौदावी.
फरक मिळाला.
हातमोजे विचाराधीन आहेत.
आणि बाजारातल्या रस्त्याचं खडीकरण पुढच्या साली ढकललं,
तेही बजेटच्या त्याच पानावर होतं.
पान मीच टाइप केलेलं.

लोटन बडगुजर, व्हॉल्व्हमन.
त्यानं गुलाबी पावती कधी घेतली नाही.
"सक्ती शे का?" एवढंच विचारायचा.
नव्हती.
कायदा त्याच्या बाजूनं होता,
म्हणून आम्ही त्याला चहाला हाक मारणं सोडलं.
फरक त्यालाही मिळाला, आमच्याइतकाच, पैशासकट,
आणि सही करताना त्यानं मान खाली घातली नाही.
ते मला फार दिवस खुपलं.

संपाच्या नवव्या रात्री
तो एकटा टाकीवर गेला
आणि बाळंतिणींच्या दवाखान्याची लाइन
अर्धा तास सोडून आला.
सकाळी त्याच्या सायकलच्या सीटवर
खडूनं लिहिलेलं होतं : फितूर.
अक्षर कुणाचं, ते विचारू नका.

ह्या फेब्रुवारीत चेंबरातल्या गंजक्या पत्र्यानं
त्याचा उजवा हात फाडला.
उघडा हात.
दोन बोटं धुळ्याच्या दवाखान्यात राहिली.
साहेबांनी शेरा मारला : कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा.

केवळबाई जिना उतरत होती, तेवढ्यात
लोटनची बायको टेबलापाशी आली.
पन्नासची नोट ठेवली, घडी न मोडता.
"मांगलं सगळं धरीसन किती व्हस?"
अकरा वर्षं. एकशे बत्तीस महिने.
तोंडी हिशेब मला जमतो,
तरी मी कॅल्क्युलेटर शोधत बसलो.

गुलाबी पुस्तक खालच्या खणात नव्हतं.
सकाळच्या घाईत ते पिवळ्याखालीच राहिलेलं,
कार्बनसकट.
उघडलं तर पहिल्या कोऱ्या पावतीवर
निळंसर, फिकं, पण वाचता येईल असं
उमटलं होतं :
केवळबाई चौधरी,
एक हजार आठशे साठ फक्त.
खाली माझी सही.

ते पान मी फाडलं नाही, रद्दही केलं नाही.
पुढच्या पानावर लोटनचं नाव लिहिलं.
रकमेची जागा कोरी आहे.
नोट अजून टेबलावर आहे,
आणि कूलरच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून
मी तिच्यावर शिक्का ठेवलाय.