कॉन्स्टंट

आमोण्याच्या जेटीवर, तांबड्या चिखलात चप्पल रुतलेली,
मी वहीत आकडे उतरवत होते.
खाली पाण्यात, डुगडुगत्या होडीत ओणवा
कुस्तोदियु रेबेलो
बार्जच्या कुशीवरचे पांढरे अंक वाचायचा.
लाटेचा वरचा काठ, खालचा काठ,
मग मधला, तोंडातल्या तोंडात ठरवून.

"सोळाशे टन मावणारं तागडं
म्हापशाच्या बाजारात मिळतं काय गो?
न्हंय तोलते.
आपण विचारायचं, तू किती सरकलीस?"

बादलीत काचेची नळी सोडायचा.
श्रावणात मांडवी गोडी, नळी खोल बुडे;
वैशाखात खारी, नळी वर येई.
तीच बार्ज, तोच माल,
इथून निघून मुरगावच्या खाऱ्या पाण्यात पोचली
की चार बोटं वर.
कुणी एक खडा काढलेला नसे.

"म्हणजे पाण्यात तिला वजनच नाही?"
मी विचारलं. त्यानं दोर ढिला करायला सांगितला.
"लाव पाय. ढकल."

भरलेली बार्ज. मी ढकलली.
काहीच नाही.
पोटऱ्या थरथरेपर्यंत काहीच नाही,
मग जेटी आणि लोखंड यांच्यामध्ये
पाण्याचा एक दोरा, मग वीतभर फट.
आणि आता थांबवू म्हटलं तर
थांबेना.
"भार पाण्यानं घेतला," तो म्हणाला,
"हट्ट कोण घेणार? तो तिचा तिच्यापाशी.
तुझ्या पुस्तकात त्याला वस्तुमान म्हणतात."

रिकाम्या बार्जचं वजन कोष्टकात असे.
नदी मात्र एकोणीस टन जास्त सांगायची.
"कॉन्स्टंट. लिही."
म्हणजे काय?
रंगावर रंग, बुडाला गाळ,
खलाशांच्या पेट्या, स्टोव्ह, मोडका नांगर,
कधीच न लागलेले दोरखंड.
"आणि बाकीचं?"
"बाकीचं कुणाला ठाऊक."
दर वर्षी वाढतं, तर कॉन्स्टंट कसं?
त्यानं विडी विझवली.
"कागदाला नाव लागतं, बाय."

खाणी बंद पडल्या. कुस्तोदियु
मुलीकडे गेला, सुरतेला, म्हणतात.

चोडणच्या फेरीत स्कूटरी चढतात,
मासळीची पाटी चढते, रॅम्प पाण्याकडे जरा झुकतो.
समोर काठाला बांधलेली 'सांतेरी प्रसाद',
कितीक वर्षं रिकामी.
सवयीनं वाचते मी: वरचा काठ, खालचा,
मधला.
गंजाखाली तीन आहे की आठ,
कळत नाही.
मागून कुणीतरी हॉर्न वाजवतं.