हरणाऱ्याची घंटा

शुक्रवारची सहाची उपासना आटोपून
आम्ही रुवीच्या कोरड्या वादीत उतरतो,
खडे वेचतो, चुना नाही म्हणून मैद्याची रेघ ओढतो.
पूर्व वसतिगृह विरुद्ध पश्चिम वसतिगृह.

आमच्या मिशन कॉलेजचं विद्यापीठ झालं,
दोन्ही वसतिगृहं पाडून तिथं प्रवेश-कार्यालय बांधलं म्हणे.
पण भिंगारदिवे अजून पूर्वेचा,
आणि एलिया पारधे मरेपर्यंत पश्चिमेचा.

अकरा कुठले जमायला? सात-सात.
त्यात पारध्यांचा मल्याळी जावई,
कॉलेज डोळ्यांनी न पाहिलेला,
पण पेनल्टी कॉर्नरसाठी सगळ्यांत मोठ्यानं भांडणारा.

दुष्काळाच्या साली कुणा रेव्हरंडानं घालून दिलेला रिवाज:
जिंकेल त्यानं चहा पाजायचा,
हरेल त्या कप्तानानं चॅपलची घंटा वाजवायची,
अकरा ठोके,
हरलेला अजून उभा आहे हे गावाला कळावं म्हणून.
इथं घंटा कुठली!
बाभळीला टांगलेला ड्रिलिंगचा पाइप, आणि एक पान्हा.

यंदा पूर्वेचा कप्तान माझा ओबेद. मस्कतचाच जन्म.
तीन-दोननं हरला.
पान्हा उचलून म्हणतो,
"पप्पा, खऱ्या घंटेचा दोर जड लागायचा का?"

चार वर्षं खेळलो, दोन वर्षं कप्तान,
एकदाही हरलो नाही.
हॉलमधल्या फोटोखाली तसं लिहिलंय, सोनेरी अक्षरांत.
दोराला हात लागलाच नाही कधी.

"ठाऊक नाही रे," म्हणालो,
आणि सातव्या ठोक्यानंतर
त्याच्याकडून पान्हा मागून घेतला.