कारण : रंग वेगळा

ताहीरने पार्सल टेकवलं उंबऱ्याशी.
वर छापलेलं : रंग वेगळा. न वापरलेली.

घडी उकलली, तर निऱ्या आपोआप पडल्या.
खांद्यापाशी पिनेची दोन भोकं,
काठावर बोटभर हळद.
अहो, सांगलीत राहतो आम्ही,
हळद आम्हाला कुणी शिकवू नये.

सासूबाई म्हणाल्या, फोटो काढ, तक्रार टाक.
काढले. अकरा.
कंपनीचं उत्तर चहा उकळायच्या आत :
क्षमस्व, परतावा मंजूर झाला आहे.
जाता-येताचं भाडं माझ्या माथी.

धुवायला घेतली
तेव्हा पदराच्या गाठीत हाताला लागलं काहीतरी टणक.
सुपारी, रुपया,
आणि हळकुंड, आमच्याच यार्डातलं असणार.

कुणीतरी मनापासून ओटी भरली होती तिची.

रुपया मी
भाड्यात धरला नाही.