हातमोजे घालून

आल्टाच्या दुकानात राव्दनाबाईंनी
तंबूंची वजनं सांगितलीच नाहीत.
लोकरीचे जाड हातमोजे पुढे केले:
"हे चढव. दिवा मालवते. आता उभा कर."

अंधारात मी आणि तीन तंबू.
पहिला पिसासारखा हलका, पण त्याची चेन
बोटांना सापडेचना.
दुसऱ्याची काठी निसटून
स्टोव्हच्या डब्यांवर कोसळली.
त्या हसल्या नाहीत.

तिसरा बोजड, उभा राहायला कुरकुरणारा.
चेनला मात्र वीतभर दोरी,
आणि दारं दोन.
"वारा फिरला की बर्फ एक दार लिंपून टाकतं,"
अंधारातूनच त्या म्हणाल्या,
"आमच्या नीलासच्या तंबूला एकच होतं."

दिवा लागला. रंग शेवाळी निघाला,
मला न आवडणारा.
पाठीवर दीड किलो जास्त.

वाहीन.